बंदरातील वाहतूक : दिवे, भोंगे आणि बोये

नवा रायपूर येथील मालवाहतूक केंद्रात कंटेनरमध्ये भरलेला माल रेल्वेने बंदराकडे रवाना झाला, की समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उद्योजकाला आपली चिंता मिटली असे वाटते. वास्तविक जहाजाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे अंतर असते ते बंदराच्या तोंडाशी असलेल्या काही मैलांचे. खुल्या समुद्रात चूक सुधारण्यास जागा मिळते, बंदरात ती मिळत नाही.

मुंबईचे नैसर्गिक बंदर याचे उत्तम उदाहरण आहे. ज्यासाठी १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली होती ते मुंबई बंदर आणि १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर, या दोहोंकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांना एकाच मुख्य जलमार्गाने यावे लागते. त्याच पाण्यात नौदलाच्या युद्धनौका, तेलवाहू जहाजे, कोळी बांधवांच्या होड्या आणि घारापुरी-मांडव्याच्या लाँची यांचीही वर्दळ असते. जहाजाला मोटारीसारखा ब्रेक नसतो. इंजिन उलटे फिरविले तरी अवजड जहाज बरेच अंतर पुढे सरकत राहते, आणि वेग फार कमी केला तर ते सुकाणूला दाद देईनासे होते. म्हणूनच समोरच्याचा इरादा वेळीच कळणे, हाच बंदरातील साऱ्या नियमांचा गाभा होय.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली तयार झाले आणि १९७७ पासून अमलात आले. आपल्याकडे रस्त्यावर वाहन डाव्या बाजूने हाकतात; अरुंद जलमार्गात मात्र जहाजाने आपल्या उजव्या कडेने जावयाचे असते. दोन जहाजे समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे. मार्ग छेदले जात असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे, त्याने वाट द्यावी. रात्री हे ओळखण्याची सोय दिव्यांनी केली आहे. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल व उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा आपल्याला दिसतो, आणि लाल म्हणजे वाट द्या! ज्याने ही योजना केली, त्याच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते.

भोंग्याचीही भाषा ठरलेली आहे. एक आखूड भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘माझे इंजिन उलटे फिरत आहे’. लागोपाठ पाच वा अधिक भोंगे झाले, तर ‘तुमचा हेतू मला उमगत नाही’ असा त्याचा अर्थ. या सर्व संकेतांत विनंती कोठेच नाही. प्रत्येक भोंगा म्हणजे स्वतःच्या कृतीचे किंवा शंकेचे निवेदन असते.

जलमार्गाच्या कडा बोये दाखवितात. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला व हिरवा उजव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत नेमके उलट. स्थानिक पाण्याची नस जाणणारा पायलट जहाजावर चढला, की पांढरा-तांबडा उभा दुरंगी बावटा फडकतो. किनाऱ्यावरील वाहतूक नियंत्रण कक्ष रडार व रेडिओच्या साहाय्याने साऱ्या हालचालींवर लक्ष ठेवतो आणि सूचना देतो. तथापि पायलट आला वा कक्षाने सूचना दिली, म्हणून कप्तानाची जबाबदारी संपत नाही. ज्याला वाट मिळावयाची आहे, त्यानेही टक्कर अटळ दिसू लागताच ती टाळण्यासाठी हालचाल केलीच पाहिजे, असे नियम बजावतात.

एवढी व्यवस्था असूनही ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी, भरदिवसा, न्हावाशेवाहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलंडले. त्यावरील सुमारे बाराशे कंटेनरपैकी शेकडो समुद्रात पडले, काहींत कीटकनाशके होती. शेकडो टन इंधन तेल पाण्यात पसरले, उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर व खारफुटीत तवंग पोहोचला आणि मासळीच्या बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. जलमार्गात कंटेनर तरंगत असल्याने दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. कोणता डबा कोठे बुडाला आहे हे शोधल्याखेरीज पुढचे जहाज सोडणे शक्यच नव्हते.

अशा खोळंब्याची झळ आगीशी वा तेलाशी सुतराम संबंध नसलेल्या निर्यातदारालाही बसते. पतपत्रात माल जहाजावर चढविण्याची अंतिम तारीख नमूद असते आणि बँक ती बिल ऑफ लेडिंगवर पडताळते. माल गोदीत तयार आहे, पण जहाजच आत येऊ शकत नाही, अशा वेळी परदेशी खरेदीदाराकडून पतपत्रात मुदतवाढ मागून घ्यावी लागते, आणि तीही मूळ तारीख उलटण्यापूर्वी मागितलेली बरी.