कर्ज फेडताना विरंगुळाही हवा

झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवणावर वासना नाही, लहानसहान गोष्टीवरून मुलांवर हात उगारला जातो. अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा कार्डिओग्राम पुष्कळदा व्यवस्थित असतो. खोदून विचारले की मग हळूच कळते, सोसायटीचे पीककर्ज थकले आहे, पतसंस्थेचा हप्ता तुंबला आहे, शिवाय पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने आहेत. उसाचे बिल जमा होते आणि जमा होता होताच संपते.

अशा वेळी घरात पहिली कात्री लागते ती करमणुकीला. फिरणे बंद, नाटक बंद, मित्रांकडे जाणे बंद. "आधी कर्ज फिटू दे, मग बघू," असे म्हटले जाते. पण कर्ज पाच वर्षांचे असेल, तर पाच वर्षे हसायचेच नाही काय? ही काटकसर आरोग्याला महागात पडते.

काळजी शरीरात काय करते?

सततच्या काळजीने शरीरात अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढलेली राहतात. त्यामुळे झोप उडते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहत नाही, पित्त खवळते. बुद्धीवरही परिणाम होतो. तामिळनाडूत 54 गावांतील 464 ऊस उत्पादकांना संशोधकांनी काही कोडी सोडवायला दिली. तोडणीपूर्वी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्यांची परीक्षा झाली. माणसे तीच, पण तोडणीपूर्वी त्यांना कोडी कमी सुटली. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. पैशाची विवंचना डोके व्यापून टाकते, असा त्याचा अर्थ. म्हणजे कर्जातून वाट काढायला जे डोके शाबूत हवे, तेच काळजी खाऊन टाकते. त्याला विसावा देणे ही चैन नव्हे, गरज आहे.

शेजारच्या गोव्यातील अनुभव पाहा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशन दिले. देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. मनाला बरे वाटेल अशी कामे ठरवा आणि उत्साह येण्याची वाट न बघता ती करा, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा होता. तीन महिन्यांनी या गटातील सुमारे 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. दुसऱ्या गटात हेच प्रमाण 39 टक्के होते. हा अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

खिसा कापणारी करमणूक

दुःख विसरायला म्हणून जे केले जाते, तेच पुष्कळदा कर्ज वाढवते. तंबाखू, गुटखा यांवर रोज 30 रुपये गेले तर महिन्याला 900 आणि वर्षाला 10,800 रुपये होतात. छोटे हातउसने त्यात फिटेल. दारूने झोप लागल्यासारखे वाटते, पण पहाटे जाग येते आणि उदासी दुप्पट होते. मटका, लॉटरी व मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ यांनी कर्ज फिटलेले कुणी पाहिले आहे काय?

दुसरा खर्च लोकलाजेचा. गावची यात्रा म्हणजे आपल्याकडे आनंदाचा दिवस. पण पंगतीला शंभर पाहुणे बसवण्यासाठी व्याजाने पैसे काढले, तर यात्रा एक दिवसाची आणि व्याज वर्षभराचे. भावाभावांनी एकत्र चूल मांडावी, जवळच्यांनाच बोलवावे. "यंदा हात आखडता आहे," हे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही.

बिनखर्चाचा विरंगुळा

जवळच पाहा. साताऱ्याच्या लोकांना अजिंक्यतारा पायथ्याशीच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज तीस मिनिटे, असे पाच दिवस चालले की ते भरते. हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढ टाळून सपाटीवर चालावे. सांगलीकरांनी कृष्णाकाठ धरावा. संध्याकाळी घाटावर बसावे किंवा सवडीने हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहून यावे. बरोबर घरची भडंग-शेंगदाण्याची पुडी असली की झाली सहल. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. त्या व्यायामाला एका सतरंजीएवढी जागा पुरते.

वाचनाची आवड असणाऱ्यांनी गावच्या वाचनालयाची वर्गणी बंद करू नये. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे 2017 साली पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराघरांत बसून फुकट वाचता येते. गाण्याचे वेड असेल तर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा ऐकावी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' सांगलीतच रंगवले. त्या मातीत हौशी नाटकाची तालीम हीच एक करमणूक आहे. भजनी मंडळ, हरिपाठ, तालमीतली कुस्ती, बायकांचे झिम्मा-फुगडीचे खेळ, हे सारे त्यातलेच. यांत चार माणसे भेटतात, आणि कर्जदाराला खरी गरज त्याचीच असते. लाजेने घरात कोंडून घेतलेला माणूस लवकर खचतो.

हे कसे जमवावे?

1) सर्व कर्जे एका कागदावर मांडा. रक्कम, व्याज आणि हप्त्याची तारीख लिहा. पती-पत्नीने हा कागद एकत्र बसून करावा. लपवलेले कर्ज जास्त झोप उडवते.

2) महिन्याचा हप्ता व किराणा बाजूला काढल्यावर विरंगुळ्यासाठी छोटी रक्कम वेगळ्या डब्यात ठेवा, मग ती शंभर-दोनशे का असेना. डबा रिकामा झाला की त्या महिन्यापुरती बिनखर्चाची करमणूक.

3) भारी व्याजाचे कर्ज आधी फेडा. व्याज सारखे असेल तर छोटे खाते आधी बंद करा. सिंगापुरात 196 कर्जदारांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की तेवढ्याच रकमेत जास्त खाती मिटली तर मनाचा भार जास्त हलका होतो. एक खाते मिटेल त्या दिवशी घरात शिरा करा, मुलांनाही कारण सांगा.

4) पैसे वाचवण्यासाठी रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या मात्र बंद करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करा. अर्धांगवायूचा खर्च सगळ्या हप्त्यांपेक्षा मोठा असतो.

केव्हा थांबू नये?

दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे, "मी नसलो तर बरे" असे बोलणे, ही साधी काळजी नव्हे, आजार आहे. असे बोलणे कुणी हसण्यावारी नेऊ नये. घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याला साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील किंवा सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात न्यावे. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.

कर्ज हप्त्याहप्त्याने फिटते. तोवर ते फेडणारा माणूस धडधाकट राहायला हवा. म्हणून हप्त्याच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर आणखी एक खूण करा. या रविवारी घरच्यांना घेऊन घाटावर किंवा गडावर जायचे आहे.