टाकी भरलेली, इंजिन उपाशी

मुरूडहून मुंबईला परतताना दुपारी वायव्येचा वारा नाकावर येतो. शिडावर तिरकं-तिरकं जाण्याचा कंटाळा येतो आणि आपण इंजिन लावतो. आमचं इंजिन नेमकं अशाच वेळी, खांदेरीच्या आसपास लाटा वाढल्या की आचके द्यायचं. आवाज खाली-वर, मग बंद. थोडा वेळ थांबून स्टार्टर मारला की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू!

मेकॅनिकनं एफआय (फ्युएल इंजेक्शन) पंपावर ठपका ठेवला. पंप उतरला, वर्कशॉपला जाऊन आला, बिल झालं आणि पुढच्याच फेरीत इंजिन पुन्हा बंद. माझं मत आता पक्कं आहे: विश्रांती घेऊन नीट चालणाऱ्या इंजिनात आधी महागडा पंप खोलू नये. डिझेल टाकीतून ज्या वाटेनं येतं, त्याच वाटेनं शोध घ्यावा. अर्थात त्याआधी शीड वर किंवा नांगर खाली. खडकाजवळ वाहत असताना पाने काढून बसायचं नसतं.

पहिली परीक्षा फुकटची. इंजिन मरायला लागलं की टाकीचं झाकण सैल करायचं. सुधारलं, तर हवा आत येण्याची नळी चोंदली आहे. आमचं सुधारलं नाही. मग स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर बांधला आणि पुरवठ्याची नळी त्यात सोडली. रिटर्नची नळीही कॅनमध्येच हवी, नाहीतर कॅन बघता बघता टाकीत रिकामा होतो. इंजिन तासन्‌तास बिनतक्रार चाललं. म्हणजे दोष टाकीकडच्या बाजूला.

टाकीत उतरणारा पाईप उपसला, तर त्याच्या टोकाच्या जाळीवर काळपट बुळबुळीत साय. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर, टाकी अर्धी. दमट हवेतलं पाणी आत साचून तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. लाटांनी तळ ढवळला की हा गाळ जाळीला चिकटतो. इंजिन थांबलं की ओढ थांबते, गाळ सुटून खाली पडतो. एवढंच त्या विश्रांतीचं रहस्य. आम्ही टाकी धुतली आणि जाळी काढूनच टाकली, कारण पुढे फिल्टर आहेच आणि तो हाताशी आहे. आता जूनमध्ये टाकी काठोकाठ भरून ठेवतो आणि पहिल्या फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी वेळोवेळी सोडतो.

कॅनवरही इंजिन आचके देत असेल, तर दोष कॅनच्या पुढे: फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप किंवा कुठेतरी एअर घेत असणार. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल, तर लिफ्ट पंपाआधीची बारीक भेग चालू इंजिनात गळत नाही, ती हवा ओढते. म्हणून ओला डाग शोधून उपयोग नाही. लिफ्ट पंपाच्या जरा आधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडा, बुडबुडे दिसतील. जुने तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नका. टेफ्लॉन टेपचं तर मी नावही काढू देत नाही, तिचे धागे तुटून पुढे जातात.

दुरुस्तीनंतर नळ्यांतली एअर काढताना लिफ्ट पंपाची दांडी ढिली लागली, तर पंप बिघडलेला असेलच असं नाही. कॅम आडवा आला असेल. इंजिन थोडं फिरवा. दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत दांडी मारा. तरीही सुरू झालं नाही, तर नोझलचे नट सैल करून स्टार्टर. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, इतक्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

आणि स्टार्टर बराच वेळ मारावा लागणार असेल, तर आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. इंजिन पेटत नसताना एक्झॉस्टच्या डब्यात साठलेलं पाणी बाहेर फेकलं जात नाही, ते उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. इंजिन पेटताच मात्र व्हॉल्व्ह ताबडतोब उघडायला हवा. त्यासाठी मी एकाला त्या व्हॉल्व्हपाशीच बसवतो आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगत नाही.