पान लावण्याआधी

पोरी, सायबर सिक्युरिटीची पदवी पदरात पडली, आता ऑनलाइन पोर्टफोलिओ उभा करायचा म्हणतेस. माझी सगळी नोकरी बँकेच्या संगणक विभागात गेली, नवी पोरं घेताना मुलाखतीलाही बसायचो. म्हणून मामाचे चार शब्द ऐक.

आधी पदवीकडेच नीट बघ. विषयांची यादी गुणपत्रिकेत आहेच, ती पुन्हा उतरवू नकोस. वही घे आणि एकेका विषयापुढे लिही : यातलं मला आज कुणाच्या मदतीशिवाय काय करून दाखवता येतं? नेटवर्किंगपुढे ‘वायरशार्कमध्ये पॅकेट पकडून डीएनएसची विचारणा ओळखता येते’ असं लिहिता आलं, तर तो विषय तुझा. क्रिप्टोग्राफीपुढे नुसती व्याख्याच आठवत असेल, तर जागा कोरी सोड. तेवढ्या कोऱ्या जागा भरणं हाच तुझा पुढचा अभ्यास. मुलाखतीत ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय होतं?’ एवढंच विचारतात आणि तिथं भले भले अडकतात.

सर्टिफिकेटांची रांग कुणीही लावतं. तू काम दाखव, आणि ते आपल्या गावात, वेळापुरातच पडलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून एपीके फायली फिरतात. अशी एखादी हाती लागली तर रोजच्या फोनवर उघडायची नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये घे, त्याचं नेट तोड, आधी फाइलचा एसएचए-२५६ हॅश नोंदव. मग ती न चालवता जेडॅक्समध्ये उघड आणि मॅनिफेस्ट वाच. तिथं एसएमएस वाचण्याची परवानगी मागितलेली दिसली की थांब. लग्नाच्या पत्रिकेला लोकांचे एसएमएस कशाला हवेत? बँकेचा ओटीपी तिथूनच पळवतात. काय दिसलं, कसं दिसलं आणि काय उलगडलं नाही, हे तिन्ही लिही. न उलगडलेलं मोकळेपणानं लिहिणारा उमेदवार मला कायम जास्त भरवशाचा वाटत आला.

असल्या फसवणुकीवर अर्धं पान मराठीतही लिही, किराणा दुकानदाराला कळेल असं. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला असते; तेव्हा रस्त्यावर दुकान मांडून बसणाऱ्या माणसाला ‘गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट खरा मानू नका, आपल्या खात्यात पैसे जमा झाले का बघा, क्यूआरवर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना ते रोज सकाळी तपासा’ एवढं कळलं तरी खूप झालं. खाली १९३० हा हेल्पलाइन क्रमांक ठळक टाक. पैसे गेल्यावर पहिला तासभर फार मोलाचा असतो, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येऊ शकते. अवघड गोष्ट गावाला समजावता येणं हे या धंद्यात मोठं कसब आहे. कंपनीच्या मालकालाही शेवटी साध्या भाषेतच सांगावं लागतं.

मोठ्या घटनेचा एक अभ्यासही ठेव. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले, वर स्विफ्टमधून हाँगकाँगला रक्कम गेली. मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच बाजूला सारली गेली, तर कुठली नोंद ओरडून उठायला हवी होती? एवढ्या एकाच प्रश्नावर दोन पानं लिही. छापून आलेलं कुठलं आणि तुझा तर्क कुठला, हे वेगळं ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पतसंस्थेची, शाळेची, ग्रामपंचायतीची वेबसाइट ‘सहज तपासून’ बघायची नाही. लेखी परवानगी नसेल तर हातच लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. हात साफ करायला ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए हे सरावाचं अ‍ॅप आपल्याच मशीनवर बसव. चुकून कुणाच्या वेबसाइटमध्ये भोक दिसलंच तर पुढे शिरू नकोस. मालकाला किंवा सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळव, आणि ते बुजेपर्यंत पानावर अवाक्षर नको. आमच्यासारखा माणूस तुझं पान उघडतो तेव्हा तू काय झाकलंस हेच आधी बघतो, कारण उद्या त्याच्या घरच्या किल्ल्या तुझ्या हाती द्यायच्या असतात.

म्हणून इंटर्नशिपमधले स्क्रीनशॉट टाकू नकोस, त्यात कंपनीचे आतले पत्ते असतात. फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाक. गिटहबवर पासवर्ड चढला आणि तू पुढच्या कमिटमध्ये खोडलास, तरी जुन्या इतिहासात तो तसाच राहतो. अशा वेळी आधी पासवर्ड बदल, मग इतिहास साफ कर. गिटहब आणि ईमेल दोन्हीकडे दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू कर, आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेव, फोनच्या गॅलरीत नको.