जुने स्टेशन, उंच फलाट

मूर्तिजापूरहून अचलपूरला व यवतमाळला शकुंतला गाडी जात असे. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे. डबे ठेंगणे, म्हणून फलाटही बुटका. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फूट अंतराचे. तिला रुळापासून सुमारे अडीच फूट उंच फलाट सोयीचा.

जुन्या स्टेशनाला लागून असा उंच फलाट बांधला तर? रस्ता ओट्याहून उंच झाला म्हणजे पावसाचे पाणी घरात शिरते ना? तसेच होईल. उंबरठे बुजतील. भिंती ओल धरतील.

मग उपाय काय? फलाट इमारतीपासून थोडा दूर बांधावा. मध्ये नाली काढावी. चढायला उतार ठेवावा. म्हाताऱ्यांची सोय होते, जुनी इमारतही टिकते.

प्रश्न : तुमच्या घरापुढचे पाणी कोठे जाते?