बोटीशिवाय डॉल्फिन

कोकणात समुद्रावर गेलं की 'डॉल्फिन दाखवतो' म्हणणाऱ्या बोटी सगळीकडे भेटतात. मी मात्र डॉल्फिन पाहते ते किनाऱ्यावरून, आणि गेल्या काही वर्षांत तीच माझी आवडती पद्धत झाली आहे. बोट डॉल्फिनच्या मागे जाते. किनाऱ्यावर आपण एका जागी थांबतो आणि तो त्याच्या कामासाठी तिथे येतो. त्याचं काम कळलं की तो कुठे, केव्हा येईल याचा अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे हे जमतं, कारण इथला नेहमीचा डॉल्फिन किनारा सोडून फारसा जात नाही. हिंद महासागरी कुबड्या डॉल्फिन हे त्याचं नाव. साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंतच्या उथळ पाण्यात तो वावरतो. मालवणी माणूस त्याला गादो म्हणतो. अनुभवातून पक्क्या झालेल्या काही गोष्टी इथे सांगते.

१. खारे वारे सुटायच्या आत पोहोचा.
थंडीत पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि किनाऱ्यालगतचं पाणी शांत असतं. दहा-अकरा वाजले की खारे वारे जोर धरतात, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. त्या फेसात डॉल्फिनचा काळा पर शोधणं अवघड. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर तोच समोर येतो आणि पाणी डोळ्यांना टोचतं. दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने आणि सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास, हे गणित मी सहसा मोडत नाही.

२. खाडीचं मुख गाठा आणि तिथी बघा.
सरळ, लांबलचक पुळणीपेक्षा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे डॉल्फिन दिसण्याची शक्यता जास्त. देवबागला कर्ली, जयगडला शास्त्री, दाभोळला वाशिष्ठी, हरिहरेश्वर-बाणकोटला सावित्री. नदीच्या पाण्याबरोबर अन्न येतं, त्यावर बोय, तारलीसारखे मासे जमतात आणि त्यांच्यामागे डॉल्फिन येतात. भरती चढू लागली की मासे खाडीत शिरतात, तेव्हा मुखाशी लक्ष ठेवावं.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला चालतं. मला चढतं पाणी आणि सकाळचा उजेड एकत्र हवे असतात, म्हणून सहलीची तारीख ठरवताना मी आधी कॅलेंडरात दशमी-द्वादशी कुठे आहे ते बघते.

३. उंचावर चढा.
वाळूत उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंचीवरून तेच एकोणीस-वीस किलोमीटरवर जातं. एवढ्या दूरचा डॉल्फिन अर्थातच दिसत नाही, पण उंचीचा खरा फायदा जवळच्या पाण्यात होतो. वाळूवरून पाहताना पुढची लाट मागचं सगळं झाकते. वरून दोन लाटांमधलं पाणीही दिसतं. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, देवगडचा किल्ला, तेरेखोलचा किल्ला या जागा त्यासाठी उत्तम. समुद्रावर नजर ठेवायलाच त्या बांधल्या गेल्या होत्या.

४. शोधायचं डोळ्यांनी, ओळखायचं दुर्बिणीनं.
दुर्बिणीत समुद्राचा लहानसा तुकडा दिसतो. डॉल्फिन नेमका त्याच तुकड्यात वर येईल याची खात्री काय? आधी उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवावी, काही हललं की मग दुर्बीण लावावी. आठ पटींची पुरते. जास्त पटींची हातात थरथरते. कोपर तटाच्या दगडावर टेकवलं की हात स्थिर राहतो.

५. पाणी वाचणाऱ्यांच्या शेजारी बसा.
मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, तयारी चालली होती. एक वयस्क रापणकर पाण्याकडे पाहत बसले होते. मी शेजारी जाऊन दुर्बीण डोळ्यांना लावली, तसे ते म्हणाले, "गो बाय, गादो शोधू नको, पाणी बघ." मग त्यांनी बोटानं दाखवलं: एका पट्ट्यात पाण्याचा रंग जरा गडद होता, वर सुरय पक्षी घिरट्या घालून सूर मारत होते आणि बारीक मासे उसळत होते. आम्ही त्या पट्ट्यावर नजर लावून बसलो. थोड्या वेळानं तिथेच दोन पाठी वर आल्या. "इले," एवढंच ते म्हणाले.

त्यांना मासळीचा थवा हवा होता, डॉल्फिनलाही तोच हवा होता. मासळीवर ज्याचं पोट आहे, त्याची नजर कुठल्याही दुर्बिणीपेक्षा तयार असते. किनाऱ्यावर गेलात की आधी अशा माणसांशी बोला, त्यांचं काम न अडवता.

६. वर येण्याची तऱ्हा लक्षात ठेवा.
कुबड्या डॉल्फिन घाई करत नाही. आधी लांब चोच तिरकी पाण्याबाहेर येते, मग डोकं, मग पाठ कमानीसारखी वाकते आणि पाठीच्या मध्यावर मांसल उंचवटा दिसतो. त्या उंचवट्यावर लहानसा त्रिकोणी पर असतो. खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटीही वर येते. वारा पडलेला असेल तर श्वास सोडल्याचा 'फुस्स' आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू येतो.

याच पाण्यात पर नसलेला पॉर्पॉइजही राहतो. हा जेमतेम दीड मीटर लांबीचा, गोल डोक्याचा, चोच नाही आणि पाठीवर परही नाही. पाण्याला फारसा धक्का न लावता गुळगुळीत करडी पाठ वर येते, वळते आणि नाहीशी होते. पाणी आरशासारखं असेल तरच तो नजरेला पडतो, बहुधा एकटा नाहीतर जोडीनं.

७. दिसल्यावर निघू नका.
डॉल्फिन बुडी मारून एक-दोन मिनिटं, कधी चार-पाच मिनिटंही खाली राहतो. पुष्कळ लोक पहिली पाठ दिसली की फोटो काढून परततात. खरं पाहण्यासारखं त्यानंतर सुरू होतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा वर येत असतील तर शिकार चालली आहे. ओळीनं एका दिशेला जात असतील तर प्रवास. एखादीच्या कुशीला चिकटून छोटी पाठ वर येत असेल तर ते पिल्लू. मादी दहा ते बारा महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचं अंतर पडतं. एक पिल्लू दिसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मग कळतं.

बोटीवरून हे सारं क्वचित दिसतं, कारण इंजिन जवळ आलं की कळपाचं वागणं बदलतं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं धावतो आणि डॉल्फिन आवाजावरच मासा शोधतो, एकमेकांना साद देतो. बोटीनं जायचंच असेल तर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आधीच सांगा: पाठलाग नको, लांब थांबा, इंजिन मंद ठेवा. चांगला तांडेल हे ऐकतो.

८. नोंद ठेवा.
तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, किती दिसले, पिल्लू होतं का, एवढं वहीत पुरे. फोटो मिळालाच तर पाठीवरच्या पराचा काढा. पराच्या कडेचे कापे आणि डाग प्रत्येकाचे वेगळे असतात आणि अभ्यासक त्यावरूनच एकेक प्राणी ओळखतात.

९. किनाऱ्याला लागलेला प्राणी दिसला तर १९२६.
हा महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक आहे. प्राणी जिवंत असेल तर अंगावर ओलं कापड घाला, पण डोक्यावरचं श्वासरंध्र झाकू नका, त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका. शेपटी धरून ओढू नका, गर्दी लांब ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. अनेकांनी जिवाचं रान करूनही ते वाचलं नाही. मदत लवकर पोहोचणं किती मोलाचं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

कुबड्या डॉल्फिन २०१७ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. भारतात त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पण तो राहतो ती चिंचोळी पट्टी आपलीही आहे: आपली जाळी, आपली बंदरं, आपल्या बोटी, नद्यांतून येणारी आपली घाण, सगळं तिथेच. घर बदलायला त्याला दुसरी जागा नाही. म्हणून मला वाटतं, कोकणातल्या प्रत्येक खाडीच्या मुखाशी नियमानं पाणी पाहणारी, वहीत लिहिणारी चार माणसं असावीत. शाळेतली मुलं, निवृत्त मास्तर, रापणकर, कुणीही. कुठे डॉल्फिन येतात आणि कुठे यायचे थांबले, हे वेळेवर सांगू शकतील अशी माणसं किनाऱ्यावरच राहतात. पुढच्या दशमीला सकाळी जवळच्या खाडीवर जा आणि पहिली नोंद करा.