वीज कोळशाची, मग बस स्वच्छ कशी?

प्रश्न : नवी मुंबईत एनएमएमटीच्या इलेक्ट्रिक बस पाहून बरे वाटते. पण त्यांना लागणारी वीज कोळशावरच तयार होते ना? म्हणजे धूर नेरुळला निघायचा तो चंद्रपूरला निघतो, एवढेच. कार्बन खरोखर कमी होतो का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : होतो, पण आज थोडाच. हिशेब असा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मोठी वातानुकूलित बस शहरातल्या गर्दीत लिटरला साधारण अडीच किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरमागे किलोभराहून थोडा जास्त वायू. तेवढ्याच इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोमीटरला ०.९ किलो. तारांमधली गळती धरली की फरक आणखी कमी होतो.

चंद्रपूरचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि त्या धुराखाली माणसे राहतात. आपल्या थांब्यावरची हवा सुधारली म्हणून त्यांना विसरून चालणार नाही.

तरीही मी या बसच्या बाजूने आहे. आज घेतलेली डिझेल बस निवृत्त होईपर्यंत तेवढेच डिझेल जाळेल. इलेक्ट्रिक बस मात्र वीज स्वच्छ होईल तशी आपोआप स्वच्छ होते. जून २०२५मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, तेल, वायूखेरीजच्या स्रोतांचा झाला. उद्दिष्ट २०३०चे होते. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळसाच पुढे आहे, कारण सूर्य मावळला की सौरपट्ट्या थांबतात. आणि दिवसभर धावलेल्या बस आगारात चार्जिंगला लागतात त्या रात्रीच.

खरी मेख इथे आहे. दुपारची सौरवीज रात्रीसाठी साठवायची एक सोय आपल्याकडे आधीच आहे. घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात (२५० मेगावॉट) वीज मुबलक असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढतात. असे प्रकल्प वाढायला हवेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे दुपारी गर्दी ओसरल्यावर बस चार्ज करणे. दिवसाच्या सौर तासांत वीजदर कमी ठेवण्याची तरतूद केंद्राने २०२३च्या नियमबदलात केली आहे.

आणखी एक आकडा. चाळीस प्रवाशांच्या इलेक्ट्रिक बसमध्ये माणशी किलोमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. पामबीच रस्त्यावर एकट्याने चालवलेल्या पेट्रोल कारमध्ये सुमारे दीडशे. तेव्हा दुपारच्या चार्जिंगची मागणी परिवहन उपक्रमाकडे लेखी करा आणि जमेल त्या दिवशी कार घरी ठेवून बसने जा.