वास, फुंकर आणि रक्त : ट्रॅक्टर-मालक व ड्रायव्हर यांनी शिकून ठेवण्याचा धडा



गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे सेलू, केळझर, वर्धा या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावतात. ट्रॅक्टर सभासदाचा, ड्रायव्हर कोणाचा सालदार तर कोणाचा मुलगा. रात्री पोलिसांनी गाडी थांबवली आणि ‘तोंडाला वास येतोय, उतर खाली’ म्हटलं, की ड्रायव्हर गडबडतो. मग तीनपैकी एक चूक हमखास होते. एक तर तो गाडी सोडून पळतो, नाही तर यंत्रात फुंकायला नकार देतो, नाही तर ‘साहेब, इथंच मिटवा’ म्हणून खिशात हात घालतो. या तिन्ही चुका न प्यालेल्या माणसालाही महागात पडतात. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. प्यालेल्याला सोडवण्याची युक्ती यात नाही. न प्यालेल्याने आपली बाजू कशी राखावी आणि मालकाने काय जबाबदारी घ्यावी, एवढंच यात सांगायचं आहे.

१. आपल्याकडे कायदे दोन

मोटार वाहन कायदा, १९८८ हा साऱ्या देशाला लागू आहे. त्याचं कलम १८५ म्हणतं की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं किंवा चालवायचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय गुन्हा शाबीत झाला तर कलम २० प्रमाणे लायसन निदान सहा महिने जातं. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे, हे विसरू नका.

दुसरा कायदा १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. सेवाग्राम-पवनारचा आपला वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे. त्यामुळे ‘तीसच्या आत आहे, म्हणजे सुटलो’ हा हिशेब इथं चालत नाही. गाडी नसली तरी पिण्याबद्दल वेगळा गुन्हा लागू शकतो. बंडीवाल्यालाही हे लागू आहे. कलम १८५ बंडीला नाही, पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा बंडीलाही लागतो.

२. वासाचा खटला

केवळ वासावरून माणूस दोषी ठरतो का? हा प्रश्न आपल्याच राज्यात फार पूर्वी उपस्थित झाला. मे १९५१ मध्ये मुंबईत एका जीपचा धक्का लागून तिघे जण जखमी झाले. गंमत अशी की, जीप चालवणारे गृहस्थ त्या वेळी मुंबईचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. डॉक्टरांनी तपासलं, तर वास होता, डोळे लालसर होते. पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालता येत होतं. त्यांचं म्हणणं असं की आपण अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. खालच्या कोर्टात ते सुटले, हायकोर्टात शिक्षा झाली. पुढे ‘बेहराम पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली त्यांची सुटका झाली. कोर्टाने ठरवलं ते असं : बंदी असलेली दारूच घेतली, औषध नव्हे, हे सरकार पक्षाने सिद्ध केलं पाहिजे.

यानंतर सरकारने कायदाच बदलला. दारूबंदी कायद्यात रक्ततपासणीचं कलम १२९-अ आलं. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ‘मी औषधच घेतलं होतं’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला गेला. तरीही १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वास, लटपटती चाल, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्याल्याचं सिद्ध होत नाही. रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती.

यातून घ्यायचा धडा हा : तपासणी प्यालेल्याची वैरी आहे, पण न प्यालेल्याची तीच साक्षीदार आहे.

३. फुंकर

पोलिसाने फुंकर मागायची तर कलम २०३ प्रमाणे तो गणवेशात हवा आणि त्याला संशयाला वाजवी कारण हवं. चाचणी तिथंच किंवा जवळपास, शक्य तितक्या लवकर घ्यावी. यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचं असावं लागतं. आकडा काय आला तो बघून घ्या, वेळही लक्षात ठेवा.

नुकतंच खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल, तर तोंडातलं अल्कोहोल आकडा फुगवतं. ते आधीच सांगा आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकर घ्यावी अशी विनंती करा. तोंडातलं अल्कोहोल उडून जातं. रक्तातलं मात्र तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानेच उतरतं. लिंबू, चहा, कांदा, गार पाणी, कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री नागपूरला पिऊन पहाटे ट्रॅक्टरवर बसलेला माणूस म्हणूनच सापडतो. रात्री एकला रक्तात १५० असेल, तर पहाटे सहालाही पंचाहत्तरच्या आसपास राहतं.

नकार दिला तर? पोलिसाला संशयाचं कारण असेल तर विनावॉरंट अटक करता येते. शिवाय कलम २०५ प्रमाणे, योग्य कारणाशिवाय दिलेला नकार हा आरोपाला बळ देणारी गोष्ट मानला जातो. दारूबंदी कायद्याखाली तर विरोध केला तरी जरूर तेवढा जोर वापरून रक्त घेता येतं. तेव्हा फुंकायला नाही म्हणू नका.

४. रक्त

अटक झालेल्याला ठाण्यावर पुन्हा फुंकर देण्याची संधी द्यावी लागते. फुंकरीत अल्कोहोल दिसलं किंवा फुंकर दिली नाही, तर नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. रक्त डॉक्टरच घेतील, शिपाई नव्हे. स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असतील तर दुसरी स्त्री हजर हवी.

दारूबंदी कायद्याखाली रक्त घेण्याचे नियम १९५९ पासून आहेत. सुई टोचण्यापूर्वी कातडीला स्पिरिट लावायचं नाही, कारण तेच अल्कोहोल आहे. कुपीत रक्त गोठू नये आणि सडू नये म्हणून औषध असावं, कुपीला सील आणि चिठ्ठी असावी. स्पिरिटचा बोळा दिसला तर नम्रपणे सांगा, ‘डॉक्टरसाहेब, स्पिरिट नको.’ हे वाक्य ड्रायव्हरला पाठ करून ठेवा.

अपघात होऊन ड्रायव्हर दवाखान्यात असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावं लागतं. तपासणीने उपचाराला बाधा येईल असं ते म्हणाले, तर चाचणी घेता येत नाही.

५. अटक झाली तर

– कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. न झाल्यास कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ महत्त्वाची.
– अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे.
– कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. दारूबंदीचा किंवा अपघाताचा गुन्हाही लावला असेल तर ताबडतोब वकील गाठा.
– लायसन ठेवून घेतलं तर तात्पुरती पावती मागा.
– हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही. शिक्षा कोर्टच देतं. जो ‘मिटवतो’ म्हणतो आणि जो मिटवायला पैसे देतो, ते दोघेही नवा गुन्हा करतात.

आणि पळून जाणं? पळालेल्याची तपासणीच होत नाही. मग न प्यालेल्या माणसाकडे आपण शुद्धीवर होतो हे दाखवायला काहीच उरत नाही.

६. मालकाची मान

आता मालकांसाठी. ड्रायव्हर प्यालेला आहे हे माहीत असून ‘एवढी एक खेप टाकून ये’ म्हणणाऱ्याला कलम १८८ प्रमाणे गुन्ह्याला मदत केल्याबद्दल तीच शिक्षा होऊ शकते.

विम्याचं तर आणखी कठीण. दारूच्या अंमलाखाली गाडी चालवली हा बचाव २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीला कलम १५० मध्ये मिळाला आहे. भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो, मग ट्रॅक्टरच नव्हे, वावरही धोक्यात येतं. आणि इथं १९७१ चा निकाल ढाल होईल असं समजू नका. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या विम्याच्या एका दाव्यात सांगितलं की, फुंकर किंवा रक्ताची तपासणी झाली नसली, तरी इतर पुराव्यावरून ड्रायव्हर अंमलाखाली होता असं ठरवून कंपनी दावा नाकारू शकते. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. विम्याच्या दाव्यात तेवढा मिळत नाही.

म्हणून खेपेला गाडी निघताना मालकाने स्वतः चाकाजवळ उभं राहावं, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलावे. शंका आली तर चावी काढून घ्यावी. एक खेप उशिरा गेली तर उसाचं वजन थोडं घटेल. पण रिकाम्या ट्रॉलीत झोपलेली तोडणीवाल्यांची लेकरं पुन्हा मोजून आणता येत नाहीत.

गावच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१) ३० मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तरी आपल्या जिल्ह्यात ड्रायव्हर पूर्ण सुटतो का? का?
२) न प्यालेल्या ड्रायव्हरने फुंकर द्यावी की नाकारावी?
३) रक्त घेताना स्पिरिट का नको?
४) तुमच्या ट्रॅक्टरवर दुसरा लायसनवाला ड्रायव्हर कोण, हे आजच ठरलं आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे नसेल, त्यांनी पहिली मोळी ट्रॉलीत पडण्याआधी ते शोधावं.